विहिरीची मोटर आणि हेडफोनचा ॲम्प्लिफायर

रावेर-यावल पट्ट्यातला केळीचा शेतकरी सबमर्सिबल मोटर घ्यायला जातो, तेव्हा 'पाच एचपीची द्या' एवढे सांगून तो थांबत नाही. पाणी किती फुटांवरून उचलायचे आहे, पुढे ठिबक आहे की पाटाने पाणी द्यायचे आहे, पाइप किती इंची आहे, हे सगळे तो दुकानदाराला सांगतो. एकाच पाच एचपीच्या दोन मोटरींपैकी एक पाणी उंच चढवते पण थोडे देते आणि दुसरी भरपूर पाणी ओतते पण उंच चढवत नाही, हे त्याने पैसे मोजून शिकलेले असते. त्याच घरातला शिकलेला मुलगा मात्र महिन्याच्या पगाराएवढ्या किमतीचा हेडफोन घेतो आणि त्यासोबतच्या ॲम्प्लिफायरबद्दल 'किती वॅटचा आहे?' एवढाच प्रश्न विचारतो. वास्तविक दोन्ही ठिकाणचे गणित एकच आहे, आणि ते मोटरीच्या गणितापेक्षा अवघड नाही.

खानदेशात हे गणित येणे जरा जास्तच गरजेचे आहे. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारला महागडा हेडफोन कानाला लावून, तो दोन-चार ॲम्प्लिफायरवर ऐकून निवडण्याची सोय सहसा नसते. त्यासाठी मुंबई-पुणे गाठावे लागते आणि तिथेही दुकानातल्या वर्दळीत दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ मिळत नाही. वस्तू घरबसल्या मागवायची, तर ती येण्याआधी आपल्या हाती फक्त तिच्या माहितीपत्रकातले आकडे असतात. ते आकडे वाचता आले, तर ऐकून न घेतल्याची उणीव बऱ्याच अंशी भरून निघते.

प्रथम डॅक आणि ॲम्प्लिफायर या दोन यंत्रांची कामे वेगळी करून घेऊ. मोबाइलमधले किंवा संगणकातले गाणे म्हणजे आकड्यांची एक लांबलचक यादी असते. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीमध्ये प्रत्येक सेकंदाला, प्रत्येक कानासाठी, ध्वनिलहरीची ४४,१०० मोजमापे नोंदलेली असतात आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांचे, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवरचे असते. या यादीचे पुन्हा विद्युत लहरीत रूपांतर करणाऱ्या यंत्राला डॅक म्हणतात. डॅकमधून निघालेली लहर दुसऱ्या यंत्राला देण्यापुरती सशक्त असते, परंतु हेडफोनचा पडदा हलवण्यासाठी लागणारा दाब आणि प्रवाह ती पुरवू शकेलच असे नाही. ते काम ॲम्प्लिफायरचे. मोबाइलमध्ये, लॅपटॉपमध्ये आणि मोबाइलला जोडायच्या बोटभर डोंगलमध्ये ही दोन्ही कामे एकाच ठिकाणी होतात. महागड्या मांडणीत ती दोन डब्यांत विभागलेली असतात, एवढाच फरक.

आता हेडफोनला काय लागते ते पाहू. माहितीपत्रकात दोन आकडे शोधायचे. पहिला इम्पिडन्स, म्हणजे हेडफोन विद्युत प्रवाहाला किती अडवतो, हे ओहममध्ये दिलेले असते. पाइप जितका बारीक, तितके ओहम जास्त. दुसरा आकडा संवेदनक्षमतेचा. ठरावीक वीज दिल्यावर हेडफोन किती डेसिबल आवाज काढतो, हे त्यातून कळते. इथे एक खाचखळगा आहे. काही कंपन्या हा आकडा १ मिलिवॅटला देतात आणि काही १ व्होल्टला, आणि पुष्कळदा नुसते 'डेसिबल' लिहून मोकळ्या होतात. ३०० ओहमच्या हेडफोनबाबत या दोन आकड्यांत ५ डेसिबलहून अधिक अंतर पडते आणि ३२ ओहमच्या हेडफोनबाबत ते जवळपास १५ डेसिबल होते. त्यामुळे कोणत्या एककात लिहिले आहे ते पाहिल्याशिवाय दोन हेडफोनांची तुलना करू नये.

उदाहरण घेऊ. सेनहायझर एचडी ६५० हा ३०० ओहमचा हेडफोन १ व्होल्टला १०३ डेसिबल आवाज देतो. गाण्यातला सगळ्यात मोठा क्षण, एखादी तिहाई समेवर आदळते तो क्षण, ११० डेसिबलपर्यंत स्वच्छ वाजावा अशी अपेक्षा धरू. (ही अपेक्षा सढळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी सुरक्षित ऐकण्याची मर्यादा सांगितली आहे, तेव्हा ११० हा आकडा क्षणिक उसळीपुरताच समजावा.) १०३ वरून ११० वर जायला २.२४ व्होल्ट लागतात. इतका दाब दिल्यावर ३०० ओहममधून साडेसात मिलिॲम्पिअर प्रवाह वाहतो आणि दोहोंचा गुणाकार केला, तर शक्ती भरते जेमतेम १७ मिलिवॅट. थोडक्यात, हा हेडफोन ठिबकसारखा आहे: पाणी थोडेच लागते, पण दाब हवा. बायरडायनॅमिकच्या डीटी ८८० या हेडफोनची ६०० ओहमची आवृत्ती याच प्रकारची, किंबहुना अधिक हट्टी आहे. तिला त्याच पातळीसाठी ३.९ व्होल्टच्या आसपास दाब लागतो, प्रवाह मात्र साडेसहा मिलिॲम्पिअरच.

याउलट हायफायमॅनचा सुसवारा पाहा. त्याचा इम्पिडन्स फक्त ६० ओहम आहे, म्हणून 'कमी ओहम म्हणजे वाजवायला सोपा' असे समजणारा माणूस तो निर्धास्तपणे मोबाइलला लावेल आणि निराश होईल. हा हेडफोन १ मिलिवॅटला केवळ ८३ डेसिबल देतो. त्याच ११० डेसिबलसाठी त्याला अर्धा वॅट शक्ती, साडेपाच व्होल्ट दाब आणि सुमारे ९० मिलिॲम्पिअर प्रवाह लागतो. शक्तीच्या हिशेबाने पाहिले, तर ही मागणी एचडी ६५० च्या तीसपट आहे. इथे दाबही हवा आणि पाटाने वाहणारे पाणीही हवे. तिसऱ्या टोकाला कानात बसणारे बारीक इअरफोन असतात. १६ ओहमचा आणि १ मिलिवॅटला ११० डेसिबल देणारा इअरफोन घेतला, तर त्याला तेवढ्याच आवाजासाठी व्होल्टचा आठवा हिस्सा पुरतो.

म्हणूनच '१ वॅटचा ॲम्प्लिफायर' ही जाहिरात अर्धवट आहे. हा १ वॅट बहुधा ३२ ओहमवर मोजलेला असतो. त्याचा अर्थ तो ॲम्प्लिफायर सुमारे ५.६ व्होल्ट आणि १७७ मिलिॲम्पिअर देऊ शकतो. तोच ३०० ओहमच्या हेडफोनला जोडला, तर दाब तेवढाच राहतो, प्रवाह घटतो आणि वॅट उरतो एक दशांश. यात काही बिघडत नाही, कारण एचडी ६५० ला १७ मिलिवॅटच पुरतात. पण बोटभर डोंगलची गोष्ट उलटी असते. तो ३०० ओहमवर २ व्होल्ट सहज देतो, परंतु ३२ ओहमवर ६० मिलिवॅटच्या पुढे जाताना त्याची दमछाक होते, कारण त्याच्या इवल्याशा चिपला तेवढा प्रवाह सोसत नाही. तात्पर्य, माहितीपत्रकात आपल्या हेडफोनच्या जवळपासच्या ओहमवर ॲम्प्लिफायरची शक्ती किती दिली आहे ते पाहावे आणि ती तिथे दिलेलीच नसेल, तर तो ॲम्प्लिफायर मी यादीतून सरळ खोडतो.

शक्तीइतकाच महत्त्वाचा, पण सहसा न वाचला जाणारा आकडा म्हणजे ॲम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स. घरातल्या जुन्या स्टिरिओच्या हेडफोन-जॅकमागे शंभर-सव्वाशे ओहमचा रोध बसवलेला असायचा. त्याने नुकसान काय होते? एचडी ६५० चे ३०० ओहम हे नाममात्र आहेत; बासच्या भागात त्याचा इम्पिडन्स ५०० ओहमच्या आसपास चढतो. मागे १२० ओहमचा रोध असेल, तर ३०० ओहमच्या स्वरांना सुमारे २.९ डेसिबलचा फटका बसतो आणि ५०० ओहमच्या स्वरांना १.९ डेसिबलचा. परिणामी तबल्याचा डग्गा एक डेसिबलभर फुगून ऐकू येतो. पुष्कळांना ते आवडतेही आणि 'या ॲम्प्लिफायरचा आवाज उबदार आहे' अशी त्याची ख्याती होते. अनेक ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे छोटे भाग, बसवलेल्या इअरफोनमध्ये हाच प्रकार उग्र होतो. समजा त्याचा इम्पिडन्स एका स्वराला ८ ओहम आणि दुसऱ्याला ४० ओहम आहे, तर अवघ्या १० ओहमच्या आउटपुट इम्पिडन्सनेही त्या दोन स्वरांत ५ डेसिबलचा फरक पडतो, म्हणजे गाण्याचा चेहराच बदलतो. जुना संकेत असा की ॲम्प्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या इम्पिडन्सच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावा. आजचे बहुतेक चांगले ॲम्प्लिफायर एका ओहमच्या आत असल्याने हा प्रश्न मिटतो. अपवाद ट्रान्सफॉर्मरविना चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या, ॲम्प्लिफायरांचा. त्यांचा आउटपुट इम्पिडन्स मोठा असतो, ३०० आणि ६०० ओहमच्या हेडफोनांशी त्यांचे जमते, पण कमी ओहमच्या प्लॅनर, म्हणजे सुसवारासारख्या सपाट पडद्याच्या, हेडफोनांना त्यांची जोड देऊ नये. प्लॅनर हेडफोनचा इम्पिडन्स सर्व स्वरांना जवळपास सारखाच असल्यामुळे त्याचा सूर बिघडत नाही, मात्र आवाजाला जोर राहत नाही.

ॲम्प्लिफायरने लहर किती पट वाढवायची हे ठरवणारे गेन नावाचे एक बटण असते, त्याचाही उलगडा याच हिशेबात आहे. घरगुती डॅक साधारण २ व्होल्टची लहर देतो. एचडी ६५० ला २.२४ व्होल्ट लागतात, म्हणजे वाढ करायची ती सव्वापटीहूनही कमी. सुसवाराला पावणेतीनपट. तरीही दहापट गेन असलेला ॲम्प्लिफायर घेतला, तर आवाजाची खुंटी आठ वाजल्याच्या जागेवरून नऊपर्यंत नेताच कान दुखू लागतात, शिवाय खुंटीच्या त्या अगदी खालच्या भागात डाव्या-उजव्या कानांचा आवाज सारखा राहत नाही आणि ॲम्प्लिफायरची स्वतःची सूक्ष्म खरखरही त्याच पटीत वाढते. कमी गेनवर खुंटी अर्ध्याच्या पुढे जात असेल, तर ॲम्प्लिफायर कमजोर आहे असे मुळीच नाही.

आता डॅककडे वळू. खरे सांगायचे, तर त्याबद्दल लिहिण्यासारखे कमी आहे, जरी त्यावर खर्च जास्त होत असला तरी. आकड्यांच्या यादीवरून तयार झालेली लहर पायऱ्या-पायऱ्यांची, दातेरी असते आणि महाग डॅक त्या पायऱ्या गुळगुळीत करतो, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. दर सेकंदाला ४४,१०० मोजमापे असतील, तर २२,०५० हर्ट्झच्या खालची लहर पायऱ्यांशिवाय, जशी होती तशी पुन्हा उभी करता येते. हे गणिताने सिद्ध झालेले आहे आणि डॅकमधील फिल्टर नेमके तेच करतो. तरुण, निरोगी कानाची मर्यादा २०,००० हर्ट्झच्या आसपास असते आणि वय वाढेल तशी ती खाली येते. १६ बिटांतून सर्वांत मोठ्या आणि सर्वांत सूक्ष्म आवाजात ९६ डेसिबलचे अंतर मिळते. शांत रात्री खोलीत ३० डेसिबलची पार्श्वभूमी असते असे धरले आणि उसळी ११० पर्यंत नेली, तरी आपल्याला ८० डेसिबलचेच अंतर वापरता येते. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तेही नाही. खुल्या पाठीचा हेडफोन बाहेरचा आवाज अडवत नाही. डोक्याशी कूलर घरघरत असताना १२० डेसिबल आणि १३० डेसिबलच्या डॅकमधला फरक शोधणे म्हणजे वरातीच्या बँडशेजारी उभे राहून तानपुरा जुळवणे होय.

डॅकच्या आतल्या चिपचे नाव जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते. ईएसएस, एकेएम, सिरस लॉजिक ही त्यातली प्रमुख नावे. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधील नोबेओका येथील एकेएमच्या कारखान्याला आग लागली, चिप मिळेनाशा झाल्या आणि अनेक कंपन्यांना आपल्या यंत्रांत दुसऱ्या कंपनीची चिप बसवून रचना बदलावी लागली. माझ्या मते चिपच्या नावापेक्षा तिच्याभोवतीचे सर्किट आणि वीजपुरवठा किती काळजीने केला आहे, यावर आवाजाची स्वच्छता ठरते. रोधांची शिडी रचून केलेले आर-टू-आर डॅक महाग असतात. मोजमापांत ते बहुधा साध्या चिपच्या डॅकपेक्षा सरस ठरत नाहीत, पण त्यांचा आवाज ज्यांना आवडतो त्यांना तो मनापासून आवडतो. तिथे आवड म्हणून पैसे द्यावेत, अचूकता म्हणून नव्हे. राहिला प्रश्न ३८४ किलोहर्ट्झ आणि ३२ बिटांचा: ते आकडे पाहून निर्णय घेऊ नये. विंडोजच्या संगणकावर डॅक चालवायचा असेल, तर २०१७ पासूनच्या विंडोज १० मध्ये यूएसबी ऑडिओच्या दुसऱ्या पिढीचा आधार अंगभूत आहे, त्यामुळे वेगळ्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरची कटकट पूर्वीइतकी राहिलेली नाही.

स्वच्छ आवाजाला अफाट पैसा लागत नाही, हे २०११ मध्ये एका अनामिक अभियंत्याने दाखवून दिले होते. एनडब्ल्यूएव्हीगाय (NwAvGuy) या टोपणनावाने लिहिणाऱ्या या माणसाने ओटू नावाच्या हेडफोन ॲम्प्लिफायरचा संपूर्ण आराखडा मोजमापांसह सर्वांसाठी खुला केला. कोणीही सुटे भाग आणून तो जोडावा, अशी त्यामागे कल्पना होती. महागड्या ॲम्प्लिफायरांच्या निर्मात्यांशी त्याचे कडाक्याचे वाद झाले. २०१२ मध्ये तो लिहिता लिहिता गप्प झाला आणि तो कोण होता हे पुढे उघड झाले नाही. त्याचे म्हणणे एवढेच होते की दोन ॲम्प्लिफायरांची तुलना करायची, तर आधी त्यांचा आवाज मोजून सारखा करा आणि कोणता वाजतो आहे हे न पाहता ऐका. अर्ध्या डेसिबलने मोठा वाजणारा ॲम्प्लिफायर कानाला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. दुकानातल्या निम्म्या पसंतींचे मूळ इथे असावे, असा मला दाट संशय आहे.

बॅलन्स्ड, म्हणजे प्रत्येक कानाला दोन स्वतंत्र तारांवरून एकमेकींच्या उलट लहरी देणाऱ्या, जोडणीबद्दल थोडेसे. ४.४ मिलिमीटरचा जॅक किंवा चार पिनांचा एक्सएलआर वापरला, की एकाच ॲम्प्लिफायरमधून साधारण दुप्पट दाब मिळतो आणि प्रवाह पुरला तर शक्ती चौपट होते. सुसवारासारख्या हेडफोनला ती उपयोगी आहे. ज्या हेडफोनला १७ मिलिवॅट पुरतात, त्याच्यासाठी नवी महाग केबल घेण्याचे कारण मला दिसत नाही.

यानंतरच्या अडचणी ध्वनीच्या कमी आणि विजेच्या जास्त आहेत. लॅपटॉप चार्जरला लावताच हेडफोनमध्ये बारीक गुणगुण सुरू होत असेल आणि चार्जर काढताच ती थांबत असेल, तर डॅक बिघडलेला नाही. लॅपटॉपचा चार्जर आणि ॲम्प्लिफायर यांच्या अर्थिंगच्या दोन वाटांतून यूएसबी केबलमार्गे प्रवाह फिरतो, त्याची ती गुणगुण आहे. दोन्ही यंत्रे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावली, तर पुष्कळदा ती कमी होते. नाही झाली, तर यूएसबीऐवजी ऑप्टिकल केबलने डॅक जोडावा, कारण काचेतून किंवा प्लास्टिकमधून प्रकाश जातो, वीज जात नाही. अर्थिंगची पिन कापून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. त्यात जिवाला धोका आहे. ॲम्प्लिफायर परदेशातून मागवला असेल, तर त्याच्या ॲडॅप्टरवर छापलेले व्होल्ट भिंगातून वाचावेत. मी एकदा ते न वाचता ११५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये खोचला आणि धूर निघाल्यावर वाचले. क्लास ए पद्धतीचे ॲम्प्लिफायर गाणे थांबलेले असतानाही पूर्ण वीज खेचत राहतात आणि चांगलेच तापतात. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जातो, तेव्हा असे यंत्र बंद कपाटात किंवा लॅपटॉपखाली ठेवू नये, त्याच्या चारही बाजूंनी हवा खेळती राहील असे पाहावे.

शेवटी, आपल्याला नेमके किती व्होल्ट लागतात हे अंदाजाने का ठरवायचे? ते मोजता येते. कोणाचा तरी ॲम्प्लिफायर एका दिवसासाठी मागून आणावा. आपल्याकडचे सर्वांत हळू आवाजात ध्वनिमुद्रित झालेले गाणे लावावे आणि याहून मोठे आपण कधीच ऐकणार नाही, अशा जागी खुंटी आणून ठेवावी. मग हेडफोन काढून घ्यावा. पुढचा आवाज कानावर पडता कामा नये. खुंटीला हात न लावता ६० हर्ट्झचा, पूर्ण पातळीचा शुद्ध सूर वाजवावा, जॅकमध्ये साधी ऑक्स केबल लावावी आणि तिच्या मोकळ्या टोकाच्या शेंड्यावर व बुंध्यावर मल्टीमीटरच्या सुया टेकवून एसी व्होल्ट वाचावेत. येणारा आकडा ही आपल्या ऐकण्याची कमाल गरज. ६० हर्ट्झचा सूर घ्यायचा, कारण साधे मल्टीमीटर वरच्या स्वरांना चुकीचे आकडे दाखवतात. मात्र इलेक्ट्रिशियनच्या खिशात असतो तो स्वस्त पिवळा मल्टीमीटर एसीसाठी २०० व्होल्टपासूनच सुरू होतो, एक-दीड व्होल्ट त्याला नीट वाचता येत नाहीत. २ व्होल्टची एसी रेंज असलेला किंवा रेंज आपोआप निवडणारा मल्टीमीटर घ्यावा. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये विचारून पाहायला हरकत नाही.

अंमळनेरच्या माझ्या भाच्याने एचडी ६५० घेतल्यावर 'मामा, आता ॲम्प्लिफायर कोणता घेऊ?' असे विचारले, तेव्हा मी त्याला माझा ॲम्प्लिफायर आणि मल्टीमीटर देऊन पाठवले. नुसत्या तानपुऱ्यावर चालणाऱ्या विलंबित आलापाच्या जुन्या ध्वनिमुद्रणावर त्याने मोजले आणि आकडा आला १.३ व्होल्ट. मोबाइलचा १ व्होल्टचा डोंगल त्याला कमी पडला असता, पण २ व्होल्टचा डोंगल पुरून उरतो. तो त्याने घेतला, आणि डॅक व ॲम्प्लिफायरच्या दोन डब्यांसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून आपल्या खोलीतला घरघरणारा कूलर बदलला.